हात थरथरतो, पण नेमका कधी?

घरातल्या एखाद्या ज्येष्ठाचा हात थरथरायला लागला की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पार्किन्सन्स तर नसेल?’ आणि दुसरं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘अहो, वय झालं, चालायचंच.’ दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. न्यूरोलॉजिस्ट यांपैकी काहीच न म्हणता आधी विचारतो: थरथर नेमकी कधी होते? हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना, की चहाचा कप उचलताना?

प्रश्न साधा वाटतो, पण निम्मं निदान त्यात आहे. कप तोंडाशी नेताना चहा बशीत सांडतो, सही वेडीवाकडी येते, सुईत दोरा ओवता येत नाही, पण हात मांडीवर ठेवला की शांत असतो, असं असेल तर बहुतेक वेळा तो पार्किन्सन्स नसतो. त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात आणि तो पार्किन्सन्सपेक्षा कितीतरी अधिक लोकांना असतो. सहसा दोन्ही हातांना होतो, कुणाची मान ‘नाही नाही’ म्हटल्यासारखी हलते, कुणाचा आवाज कापरा होतो. विचारलं तर वडिलांचा किंवा आत्याचाही हात असाच कापायचा, असं अनेकदा निघतं. तो वर्षानुवर्षं रेंगाळत वाढतो. त्रास फारसा नसेल तर गोळी घेतलीच पाहिजे असंही नाही. घ्यायची झाली तर प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन. मात्र दमा असेल तर तो आधी सांगायचा, कारण प्रोप्रॅनोलॉलने दमा उसळू शकतो. थोडी दारू घेतली की हात स्थिर होतो हा शोध काही जणांनी स्वतःच लावलेला असतो. तो खरा आहे, पण उपचार म्हणून अगदी वाईट.

पार्किन्सन्सची थरथर उलटी वागते. हात विसावलेला असताना ती दिसते, बोलण्यात किंवा टीव्हीत लक्ष गुंतलं की वाढते, आणि वस्तू उचलायला हात पुढे केला की बहुधा थांबते. सुरुवात एकाच बाजूने होते. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यागत सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलतात. पण हे सगळं असूनही पार्किन्सन्सचं मुख्य लक्षण थरथर नव्हेच. काही रुग्णांचा हात शेवटपर्यंत थरथरत नाही. निदानासाठी लागतो तो मंदपणा.

हा मंदपणा घरात ओळखू येतो, पण त्याला आपण आजार म्हणत नाही. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. पोळी लाटताना एक हात मागे पडतो. अक्षर ओळीच्या शेवटी शेवटी बारीक होत जातं. चालताना एक हात हलायचा थांबतो. लग्नाच्या जुन्या व्हिडिओत हे निदानाच्या वर्ष-दोन वर्षं आधीच दिसतं. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत म्हणून घरचे म्हणतात, ‘हल्ली रागावलेलेच असतात.’ खांदा आखडतो म्हणून महिनोन्महिने हाडांच्या डॉक्टरकडे शेक आणि व्यायाम चालू राहतो. त्याच्याही आधी, कधी कधी बऱ्याच वर्षांपूर्वी, फोडणीचा वास येईनासा झालेला असतो, बद्धकोष्ठता लागलेली असते, झोपेत ओरडणं आणि लाथा मारणं सुरू झालेलं असतं. यातली एखादी गोष्ट असली म्हणून घाबरायचं कारण नाही. बद्धकोष्ठता कुणाला नसते! पण मंदपणा आला आणि मागे वळून पाहिलं तर या खुणा सापडतात.

तपासणीत डॉक्टर अंगठा आणि बोट भराभर जुळवायला सांगतात, मनगट हलवून ताठरपणा बघतात, पॅसेजमध्ये चालवतात, मागे उभं राहून खांदा ओढून तोल पाहतात. याहून मोठी तपासणी नाही. रक्ताची रोजची कोणतीही चाचणी हे निदान देत नाही. साधा एमआरआय पार्किन्सन्समध्ये सहसा नॉर्मलच येतो. तो काढायचा तो दुसरं काही नाही ना हे बघायला. त्यामुळे ‘एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे काही नाही’ हा दिलासा फसवा आहे. घरच्यांनी मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना जितकं सांगतो तितकं अनेकदा फाइलमधले रिपोर्ट सांगत नाहीत.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. मेंदूच्या मधल्या भागात काळसर पेशींचा एक छोटा पट्टा आहे. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवून मेंदूच्या आतल्या गाठींना पुरवतात. आपण विचार न करता ज्या हालचाली करतो, म्हणजे चालताना हात हलवणं, खुर्चीतून उठणं, कुशीवर वळणं, त्यांचा वेग आणि आवाका या गाठी ठरवतात. पार्किन्सन्समध्ये त्या काळसर पेशी हळूहळू मरतात. पहिलं लक्षण दिसेपर्यंत निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. ताकद मात्र जात नाही. म्हणून त्याला लकवा म्हणणं चूक आहे. स्नायू धडधाकट असतात, त्यांना मिळणारी आज्ञाच तोकडी असते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, तेही अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यातली काही त्यांनी रस्त्यात पाहिलेली. कारण कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गेली, आणि त्या कहाणीचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार औषधात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून तिने रक्तदाब उतरतो हे दाखवलं आणि पाश्चात्त्य जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाब व मानसिक आजारांसाठी सर्रास दिलं जाऊ लागलं. मग दिसलं की ते घेणारे काही जण मंद आणि ताठर होताहेत, अगदी पार्किन्सन्सच्या रुग्णांप्रमाणे.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रिसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. 1960 मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी असल्याचं दाखवलं. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपा तोंडाने, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत देऊन पाहिलं आणि जखडलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

यातली आणखी एक गंमत आपल्याकडची आहे. लेव्होडोपा हे द्रव्य खाजकुहिलीच्या बियांत असतं, आणि ते त्या बियांतून वेगळं काढल्याचा शोधनिबंध दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी 1937 मध्येच प्रसिद्ध केला होता. तेव्हा त्याचा पार्किन्सन्सशी संबंध कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. म्हणून आज कुणी ‘आयुर्वेदात कंपवातावर कवचबीज आहे’ असं म्हणालं तर ते थोतांड नाही. अडचण मात्रेची आहे. पुडीगणिक लेव्होडोपा किती जातंय हे ठाऊक नसताना डॉक्टरांच्या गोळीबरोबर ते चूर्ण गुपचूप चालू ठेवलं तर मात्रा नकळत वाढते आणि दोष गोळीवर येतो. घेत असाल तर सांगा, एवढंच.

रिसर्पिन आता फारसं वापरात नाही, पण त्याने शिकवलेला धडा आजही उपयोगी आहे: गोळीमुळे पार्किन्सन्ससारखा आजार उभा राहू शकतो. आणि माझ्या मते आपल्याकडे हीच गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. अ‍ॅसिडिटीसाठी मेडिकलमधून जी कॅप्सूल येते तिच्यात कधी कधी पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असतं. ते डोपामिनचा मार्ग अडवतं. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा स्टेमेटिल, मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, मनोविकारासाठी हॅलोपेरिडॉल, या सगळ्यांनी ज्येष्ठ माणूस काही आठवड्यांत मंद, ताठर आणि थरथरता होऊ शकतो. एका डॉक्टरने दोन आठवड्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी दोन वर्षं चालत राहते, कारण पोट बरं राहतं. ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली की बहुतेकांची लक्षणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी उचलून न्यावी, गॅसच्या आणि चक्करेच्या गोळ्यांसकट. मनोविकाराची गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

खऱ्या पार्किन्सन्समध्ये मुख्य औषध अजूनही लेव्होडोपाच आहे. सिंडोपा वगैरे नावांनी मिळणाऱ्या गोळीत त्याच्यासोबत कार्बिडोपा असतं. नुसतं लेव्होडोपा घेतलं तर मेंदूत पोहोचण्याआधीच बरंचसं डोपामिनमध्ये बदलतं आणि उलट्या होतात. कार्बिडोपा हे बदलणं मेंदूबाहेर थांबवतं. पहिली काही वर्षं गोळी छान लागू पडते. मग तक्रार येते, ‘गोळी चारच तास टिकते, नंतर पाय जखडतात.’

हे का होतं, ते इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीवरून कळेल. टाकी मोठी असते तोवर महापालिकेचं पाणी दिवसातून दोनदा आलं तरी नळ दिवसभर चालतो. टाकी लहान होत गेली की पाणी येत असेल तेवढ्याच वेळात नळ चालतो, आणि आलेलं पाणी वरून सांडतंही. मेंदूतल्या उरलेल्या पेशी ही ती टाकी. पेशी कमी झाल्या की गोळीचा असर रक्तातल्या मात्रेमागे चढतो आणि उतरतो. उतरला की माणूस जखडतो. चढला की अंग आपोआप हेलकावतं, मान आणि खांदे वळवळतात. या हेलकाव्यांना घरचे थरथर समजतात आणि ‘गोळी वाढवा’ म्हणतात, जेव्हा गरज बहुधा उलटी असते. म्हणून ‘हात हलतो’ एवढं सांगून भागत नाही. गोळी किती वाजता घेतली आणि हलणं किती वाजता सुरू झालं, हे एका वहीत चार दिवस लिहून नेलं तर मात्रा बसवणं सोपं होतं. उपाय अनेकदा गोळी बदलण्यात नसून तिच्या वेळा बदलण्यात असतो: तीन मोठ्या मात्रांऐवजी पाच लहान.

जेवणाचाही संबंध आहे. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या वाटेने जातं त्याच वाटेने प्रथिनांचे घटक जातात. आमटी, उसळ, दूध, पनीर, मटण यांच्यासोबत घेतलेली गोळी मागे रेटली जाते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावी. दुधाबरोबर तर नकोच, आणि लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. सुरुवातीला मळमळलं तर एखादं बिस्किट चालतं. प्रथिनं बंद करायची नाहीत, फक्त गोळीपासून लांब ठेवायची. दुपारची गोळी रोजच ‘लागत नाही’ अशी तक्रार असेल तर ताटात काय होतं ते आधी पाहावं.

‘लेव्होडोपा लवकर सुरू केलं तर नंतर कामाला येणार नाही’ ही समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. घानामध्ये औषधाअभावी रुग्णांना ते उशिरा मिळत होतं, इटलीत लवकर. दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना झाली तेव्हा दिसलं की हे चढउतार आजार किती वर्षांचा आहे यावर ठरतात, औषध किती वर्षांचं आहे यावर तितकेसे नाहीत. त्रास होत असताना गोळी ‘राखून’ ठेवण्यात अर्थ नाही.

इतर गोळ्या साथीला असतात. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल डोपामिनची नक्कल करतात आणि तरुण रुग्णांना बऱ्या पडतात, पण त्यांनी काही जणांना जुगाराचा, खरेदीचा किंवा कामेच्छेचा अनावर नाद लागतो. आयुष्यभर काटकसर केलेले गृहस्थ मोबाइलवरच्या रमीत पैसे घालवू लागले, तर तो स्वभाव बदलला नसून गोळीचा परिणाम असू शकतो. लाजेपोटी हे कुणी सांगत नाही, म्हणून जोडीदाराने विचारायला हवं. पॅसिटेन म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल थरथर कमी करतं, पण सत्तरीपुढच्या माणसाला विसरभोळा आणि गोंधळलेला करू शकतं. अमांटाडिन हेलकावे कमी करायला कामी येतं.

सगळंच मंद चालणं पार्किन्सन्स नसतं, हेही ध्यानात ठेवायचं. पहिल्याच वर्षी वारंवार पडणं, उभं राहिल्यावर रक्तदाब झपकन उतरणं, गोळीचा काहीच फरक न पडणं, या खुणा दुसऱ्या आणि अधिक अवघड आजारांकडे बोट दाखवतात. पाय जमिनीला चिकटल्यागत चालणं, लघवी न आवरणं आणि विस्मरण हे तिन्ही एकत्र आले तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलेलं असू शकतं, आणि काही रुग्णांत ते नळी बसवून काढता येतं.

तरुणांमध्ये गोष्ट वेगळीच. चाळिशीच्या आत हालचाल बिघडली, जीभ जड झाली, लाळ गळू लागली, शाळेत हुशार असलेलं पोर मागे पडलं, तर विल्सन्स आजार तपासलाच पाहिजे. यात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठतं. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसतं, ते डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्पवर पाहतात. आईवडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. म्हणून मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते, आणि सख्ख्या भावंडांची तपासणी करावीच लागते. झिंक, पेनिसिलामिन यांसारख्या औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण गोळ्या जन्मभर. वेळेवर सापडला तर मूल नीट जगतं आणि उशीर झाला तर नाही, इतका हा सरळ हिशेब आहे.

लहान मुलाच्या हातातून भांडी पडू लागली, तोंड वेडावल्यासारखं होऊ लागलं, तर आधी त्याला ओरडा बसतो. घसा धरून गेल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येणारा तो कोरिया नावाचा हालचालींचा विकार असू शकतो, संधिवाताच्या तापाचाच एक भाग. हालचाली बहुतेक आपोआप थांबतात, पण हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी पेनिसिलिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. आणि सकाळी बरं चालणारं मूल संध्याकाळी पाय मुरडत असेल, तर ‘सेरेब्रल पाल्सी’चा शिक्का मारण्याआधी लेव्होडोपाची छोटी मात्रा देऊन पाहतात. एका दुर्मीळ प्रकारात तेवढ्याने मूल धावू लागतं.

डिस्टोनियामध्ये स्नायू नको तेव्हा आवळतात. मान एका बाजूला वळून राहते, पापण्या मिटतात त्या उघडत नाहीत, किंवा फक्त लिहिताना बोटं पेनावर आवळतात आणि इतर सगळी कामं तोच हात बिनबोभाट करतो. हनुवटीला बोट लावलं की मान सरळ होते, हे पाहून लोक त्याला नाटक समजतात; प्रत्यक्षात ती आजाराचीच खूण आहे. यावर बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं नेमक्या स्नायूत देतात. असर सुमारे तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात.

गोळ्यांनी चढउतार आवरेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबीद यांच्या लक्षात आलं की मेंदूच्या ठरावीक जागी वेगवान विद्युत स्पंदनं दिली की थरथर थांबते. त्यातून डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, आलं: मेंदूत बारीक तारा, छातीच्या त्वचेखाली बॅटरी. मुंबई आणि पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. खर्च अनेक लाखांत जातो आणि त्यातला बराचसा त्या यंत्राचाच. कुणाला लाभ होईल याचा ढोबळ नियम असा: चांगल्या वेळेत लेव्होडोपाने जे सुधारतं ते डीबीएसने सुधारतं, दिवसभर. जे गोळीनेही सुधारत नाही, म्हणजे तोल, विस्मरण, बोलणं, ते सहसा डीबीएसनेही सुधारत नाही. याला अपवाद थरथरीचा. इसेन्शियल ट्रेमरसाठी कवटी न उघडता ध्वनिलहरींनी मेंदूतला एक बिंदू जाळण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. आजार मुळातून थांबवणारं औषध आज नाही, आणि तसा दावा करणाऱ्या स्टेम सेलच्या जाहिरातींपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

व्यायामाला लोक ‘शिवाय हेही करा’ या यादीत ढकलतात, मला तो गोळीच्या बरोबरीचा वाटतो. मोठी पावलं, मोठा आवाज, मोठे हातवारे यांचा रोज सराव हवा, कारण मेंदू सगळंच लहान करत चाललेला असतो. उंबरठ्यापाशी पाय जखडतात तो माणूस जिना मात्र सहज चढतो, कारण पायऱ्या डोळ्यांना दिसतात. म्हणून जखडणाऱ्या जागी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या की पाय उचलला जातो. ‘एक-दोन, एक-दोन’ मोजल्यानेही. मागून ढकलू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडे रुग्ण आणि घरचे लोक एकमेकांना भेटतात, व्यायाम करतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि कधी दुसऱ्याच कारणाने, मोडलेलं हाड किंवा मोतीबिंदू म्हणून, रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर गोळ्यांच्या वेळा घड्याळासकट कागदावर लिहून सिस्टरच्या हातात द्याव्यात. वॉर्डातली ‘सकाळ-दुपार-रात्र’ ही पद्धत या रुग्णांना चालत नाही, आणि लेव्होडोपा एकाएकी बंद झालं तर ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं. त्याच कागदावर ठळक लिहावं: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, रात्री बडबडले तर हॅलोपेरिडॉल नको, न्यूरोलॉजिस्टना फोन करावा. उलटीसाठी डॉक्टर सहसा डोमपेरिडोन निवडतात.